डावीकडच्या पडद्यामागून

अर्चना सोमकुवर मला पहिल्यांदा ऐकू आली, दिसली नंतर. मधली सुट्टी होती. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या शाळेची मागची भिंत एका संत्र्याच्या बगीच्याला लागून होती आणि वारा सुटला की चार-दोन संत्री भिंतीच्या अलीकडे पडत. मुलं ती उचलून खात. मी खडूचा डबा घेऊन हँडपंपाच्या बाजूने जात होते तेव्हा भिंतीजवळ उकिडवी बसलेली एक सहावीतली मुलगी दिसली. पुढ्यात तीन पडलेली संत्री, भोवती पाच-सहा पोरी.

"हे खाऊ नोको वं," ती सांगत होती. "याले बारीक भोक हाये पाय. पतंगानं रस पेला याचा. उद्या सडते हे. अन् या दुसऱ्याचा देठ काळा पडला, हे तं ढोराले बी देऊ नोको. हे तिसरं चांगलं हाये. याचा काही गुन्हा नाही. झाडाले पाणी कमी पडलं म्हणून पडलं बिचारं. हे खा."

घोळक्यात नववीतली एक मोठी मुलगी होती. ती म्हणाली, "तुले कोणं सांगितलं एवढं?"

"माया बाबानं. पन मी पाह्यलं बी हाये. तू बी पाय न. डोये नाही काय तुले?"

मोठ्या मुलीने रागवायला हवं होतं. ती वाकून संत्र्याचा देठ पाहू लागली.

अर्चनाचे वडील सुखदेव दुसऱ्यांच्या बगीच्यांत तोड्याला, फळं उतरवायला, जात, उरलेले महिने मिळेल ती शेतमजुरी. सुट्टीच्या दिवशी मुलगी त्यांच्याबरोबर जाई. त्या दिवशी हँडपंपाजवळ उभ्या उभ्या मी ठरवलं की ही पोरगी स्टेजवर आली पाहिजे. तो विचार चांगलाच होता. पुढे जे केलं त्याबद्दल मला लिहायचं आहे.

शाळेत भाषणं लिहून देण्याचं काम माझ्याकडे होतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, बाबासाहेबांची जयंती, कुणाला काहीही बोलायचं असलं की हेडमास्तर म्हणत, "बाईंकडून लिहून घे." मी दीड पान लिहायची, मुलांकडून पाठ करून घ्यायची, हात कुठे वर करायचा आणि आवाज कुठे खाली आणायचा तेही सांगायची. आमचं स्टेज म्हणजे सिमेंटचा चौथरा. त्याच्या उजव्या बाजूला लाउडस्पीकरवाला बसे, म्हणून मी डाव्या बाजूच्या पडद्यामागे हातात कागद घेऊन उभी राहायची. मूल अडलं की पुढचा शब्द हळूच सांगायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सगळ्या शाळांमधून असंच चाले.

अर्चनाला मी सव्वीस जानेवारीसाठी 'श्रमाची प्रतिष्ठा' लिहून दिलं. सुखदेवच्या मुलीला श्रमावरचं भाषण, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्यात घाम होता, घामाचे मोती होते, राष्ट्राची उभारणी होती. संत्रं नव्हतं.

आठ दिवसांत तिचं भाषण चोख पाठ झालं. पण स्टेजवर तिसऱ्याच वाक्याला ती थांबली आणि मान किंचित डावीकडे कलवून उभी राहिली. मी शब्द सांगितला. तिने तो उचलला आणि पुढे गेली. पाचव्या वाक्यानंतर परत तेच. त्या भाषणात ती नऊ वेळा थांबली आणि नऊही वेळा समोर बसलेल्यांना काही कळलं नाही. उलट हेडमास्तर म्हणाले, "किती विचार करून बोलते हो पोरगी!" तिला कंपासपेटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला तेच भाषण म्हणायला सांगितलं. एका दमात म्हणाली. कुठे अडखळली नाही.

"पाठ तर पक्कं आहे तुझं. मग काल थांबत का होतीस?"

"तुमी होत्या न बाई तठी," ती म्हणाली.

या उत्तराचा मला आनंद झाला होता. घरी येऊन मी ते यजमानांना सांगितलंही होतं.

दहावीपर्यंत अर्चनाने शाळेतली सगळी भाषणं केली. पोरी तिला चिडवायच्या, "आली पाहा पुढारीन," आणि ती म्हणायची, "चूप बसा वं, नाहीतं तुमालेच उभं करतो माइकवर." आवाज खणखणीत झाला होता, उच्चार स्वच्छ झाले होते. तेवढं एक मान कलवणं राहिलं, आणि ते मला दोष म्हणून कधी दिसलंच नाही. दहावीच्या निरोप समारंभाच्या आधी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाली, "बाई, या वेळी मी मायाच मनानं बोलू काय?"

"काय बोलणार आहेस?"

"असंच. शाळेचं. त्या भिंतीचं, संत्र्याचं. पोरी हासतीन बी."

मी म्हणाले, "पाहुणे येणार आहेत, अर्चना. तिथे असं चालत नाही. मी लिहिलं आहे, ते पाठ कर."

"हो बाई," ती म्हणाली आणि कागद घेऊन गेली. समारंभात तिने माझं भाषण केलं. चांगलं केलं.

पुढे ती पांढुर्ण्याला कॉलेजात गेली, बी.एस्सी. झाली. तिचं लग्न सौंसरमध्येच झालं. संत्रा बागायतदारांनी मिळून एक कंपनी काढली होती, तिथे ती फील्ड सुपरवायझर म्हणून लागली. काम म्हणजे बगीचे फिरायचे, फळगळ पाहायची, कोणत्या झाडाला काय झालं ते सांगायचं, तोडा कधी करायचा ते ठरवायचं. जामसावळीपासून लोधीखेड्यापर्यंतचे बागायतदार तिला ओळखू लागले. रिटायर झाल्यावर मी बाजारात भाजी घ्यायला गेले की कुणी ना कुणी सांगायचं, "मॅडम, तुमची अर्चना आली होती काल बगीच्यात. अर्धा तास भांडली माह्याशी. पन झाड वाचलं बरं का."

कंपनीचे अध्यक्ष केशवराव लोधीखेड्याचे. मोठे बागायतदार, मनाने सरळ, बोलायला फटकळ. एकदा लग्नाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले होते.

"मॅडम, एक गोष्ट सांगा. तुमची विद्यार्थिनी बगीच्यात चूप बसत नाही अन् मीटिंगमधी तोंड उघडत नाही. हे काय बिमारी हाये?"

"लहानपणी शाळेत सगळी भाषणं तीच करायची," मी म्हणाले.

"मंग तं गंमतच झाली," केशवराव म्हणाले आणि कढी मागायला वळले.

मीही ती गंमत म्हणूनच सोडून दिली.

दोन वर्षांपूर्वी, थंडी सुरू होत होती तेव्हा, अर्चना माझ्या घरी आली. स्कूटीला अडकवलेल्या पिशवीत संत्री होती. आता पस्तिशीकडे आलेली बाई, उन्हाने रापलेली, बोलता बोलता केसांतली बगीच्यातली काडी काढून टाकणारी. पण माझ्यासमोर खुर्चीच्या काठावरच बसली.

"बाई, एक काम होतं. दहा मिनिटं बोलायचं हाये मले."

कंपनी संत्री निवडून पॅक करण्याचं एक युनिट उभारणार होती. सरकारी मदतीसाठी भोपाळहून पाहणी करणारे लोक येणार होते आणि पांढुर्णा आता जिल्हा झाल्यामुळे बैठक तिथेच होती. त्यांच्यापुढे कुणीतरी सगळं मांडायचं होतं. जो मांडेल त्याच्याकडेच युनिट सोपवायचं, मॅनेजर म्हणून, असं संचालकांचं ठरलं होतं. कारण पुढेही बाहेरच्या लोकांशी बोलण्याचंच काम होतं.

"केशवराव म्हणाले, बारा वर्षांपासून काम तू करून राहिली, तं बोल बी तूच. अन् नाही जमलं तं ऋषिकेश हायेच." ऋषिकेश तिच्यानंतर लागलेला, सौंसरच्या व्यापारी घरातला मुलगा. बोलण्यात तरबेज. "त्याले कॉम्प्युटरवर सारं करता येते. चांगला पोरगा हाये तो. पन बाई, मले हे पाहिजे. मी कोणाले सांगितलं नाही, तुमाले सांगून राहिली. मले लय पाहिजे हे."

"मग काय अडचण आहे?"

"हॉलमधी उभी राहिली का मले सुचतच नाही काही."

मी म्हणाले, "बरं, सांग पाहू. मीच भोपाळहून आले आहे असं समज."

तिने टेबलावरच्या पिशवीतून एक संत्रं उचललं आणि बोलू लागली. "साहेब, आमच्या इथं शंभरातले किती फळं खाली पडतात ते शेतकरी मोजतच नाही. तो फक्त झाडाकडं पाहते. मी जमिनीकडं पाहतो. कारण का पडलेलं फळच सांगते..."

तिसरं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी तिला थांबवलं.

"असं नाही गं, अर्चना. बैठकीत असं सुरू करत नाहीत. आधी स्वागत, मग संस्थेची माहिती. आणि हिंदीतच बोलावं लागेल. थांब, मी लिहून देते."

तिच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. संत्रं तिने पिशवीत परत ठेवलं. आज मला वाटतं, त्या दुपारी माझ्या घरात कागद नसता तर फार बरं झालं असतं.

मी चार पानं लिहिली. पूर्वीसारखीच नेटकी. अकरा दिवस ती कामावरून सुटल्यावर यायची, दिवाणखान्यात उभी राहून म्हणायची आणि मी सवयीने तिच्या डावीकडे, थोडी मागे, खुर्ची टाकून बसायची. तिने मान कलवली की मी शब्द द्यायची. अकराव्या दिवशी ती फक्त दोनदा थांबली. मी म्हणाले, "झालं! आता काही काळजी नाही." ती म्हणाली, "बाई, तुमी बी चाला न पांढुर्ण्याले. मागं बसा फक्त."

आम्ही दोघी सकाळच्या बसने गेलो. हॉलमध्ये समोर लांब टेबल, त्यामागे भोपाळचे तिघे आणि स्थानिक अधिकारी. बोलणाऱ्यासाठी बाजूला उंच टेबल आणि माइक. बाहेरच्यांसाठी अगदी शेवटची रांग होती, मला तिथे बसवलं. आमच्यामध्ये दहा-बारा रांगा होत्या. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या डाव्या हाताला भिंत आहे आणि भिंतीजवळ पाण्याचा कॅन ठेवलेला आहे.

तिने सुरुवात चांगली केली. स्वागत झालं, कंपनीची माहिती झाली. एकदा तिने मान कलवली, पण शब्द तिचा तिलाच मिळाला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. मग भोपाळहून आलेल्यांपैकी एक वयस्कर अधिकारी, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "मैडम, एक मिनट। आपने कहा कि फल बहुत गिरता है। मैं खेती का आदमी नहीं हूँ, मुझे यह समझाइए कि नीचे पड़ा फल देखकर कैसे पता चलेगा कि वह गिरा क्यों?"

मी खुर्चीत पुढे सरकले. मला हसूच आलं. सगळ्या जगात तिला कुणी एकच प्रश्न विचारायचा असता, तर तो हाच होता. अकरा वर्षांची असताना तिने तो नववीतल्या पोरीला समजावला होता.

अर्चना थांबली. तिची मान डावीकडे कलली, थोडीशीच, कान भिंतीकडे करून. हा प्रश्न कागदावर नव्हता. ती वाट पाहत होती.

हॉलला ते कळणं शक्य नव्हतं. त्यांना वाटलं असेल की बाई विचार करताहेत, किंवा यांना माहीत नाही. ती कशाची वाट पाहते आहे हे तिथे मला एकटीला माहीत होतं. शेवटच्या रांगेत माझे ओठ हलले. भोक, देठ, पाणी. हे तीन शब्द मी पुटपुटले आणि ते माझ्या शेजारच्या माणसालाही ऐकू गेले नाहीत.

किती वेळ गेला असेल? दहा सेकंद असतील. पुढच्या रांगेतून ऋषिकेश उठला. "सर, इजाज़त हो तो मैं बताऊँ? यह हमें अर्चना मैडम ने ही सिखाया है।" आणि त्याने सांगितलं. भोक असलेलं फळ, काळ्या देठाचं फळ, स्वच्छ देठाचं फळ. अगदी तिच्याच क्रमाने. फक्त 'बिचारं' तेवढं राहिलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न ऋषिकेशलाच विचारला. त्याच्या पुढचाही. अर्चना माइकजवळ उभी होती. थोड्या वेळाने ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

ऋषिकेशला मी दोष देत नाही. तो उठला नसता तर युनिटही गेलं असतं.

बैठक संपली, भोपाळच्या गाड्या गेल्या. बाहेर नमुन्यासाठी आणलेली संत्र्यांची कॅरेट ठेवली होती. चहाचा कप घेऊन मी तिथे गेले तेव्हा तिगावचे मधुकर नावाचे बागायतदार अर्चनाला थांबवून उभे होते.

"ताई, माह्या बगीच्यात बी लय सडा पडून राहिला खाली. औषध मारू काय?"

"कोणतं औषध मारता? पहिले सांगा, पडलेलं फळ हातात घेऊन पाह्यलं काय तुमी?"

"त्यात काय पाहायचं वं? पडलं ते पडलं."

"वा! माणूस मेला तं डॉक्टर पाहते का नाही, कायनं मेला म्हणून?" तिने कॅरेटमधून एक संत्रं उचललं. "इकडं या. हे देठ पाहा..."

बघता बघता सात-आठ जण जमले. हॉलचा चपराशीही आला. ती पंधरा मिनिटं बोलत होती, हातवारे करत, एकाला टोमणा मारत, दुसऱ्याला उलट प्रश्न विचारत. मी लिहिलेल्या चार पानांत यातलं एक वाक्य नव्हतं. ती एकदाही थांबली नाही आणि मान सरळ होती. माझा चहा हातातच थंड झाला.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा तिने मला दिली. मग ती म्हणाली, "बाई, तुमी लय मागं बसल्या होत्या."

"हो. जागाच तिथे दिली मला."

"मले वाटलं, तुमी सांगान."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी धीर करून म्हणाले, "अर्चना, दहावीच्या निरोप समारंभाच्या वेळी मी तुला तुझ्या मनाने बोलू द्यायला हवं होतं."

"कवा?"

"तू स्टाफरूमच्या दारात आली होतीस. मायाच मनानं बोलू काय, म्हणून विचारलं होतंस."

तिने आठवून पाहिलं. "असं म्हटलं होतं मी? मले तं आठवत नाही बापा." आणि ती हसली. "तुमी बी न बाई! काहीबाही मनात घेऊन बसता. तुमी होत्या म्हणून तं सुखदेवची पोरगी स्टेजवर चढली. नाहीतं कोण चढवत होतं?"

हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं, ती तसं खरोखर मानते. सौंसर आल्यावर तिने माझा हात धरून मला बसमधून उतरवलं आणि घरापर्यंत सोडलं.

युनिट मंजूर झालं. गेल्या वर्षी उद्घाटनाला मी गेले होते. तिथे केशवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पोरीच्या हातून गेलं. मायी लय इच्छा होती." ते मागे हटले आणि खुर्च्या नीट लावल्या आहेत की नाही ते पाहू लागले.

शिकवण्याच्या सदतीस वर्षांत मी किती मुलांना भाषणं लिहून दिली याची गणती नाही. त्यांतली बरीच आज कुठेकुठे नोकरीला आहेत. ती माइकपुढे कशी उभी राहतात हे मी पाहिलेलं नाही. आता शाळेतून कुणी भाषण लिहून घ्यायला आलं तर मी म्हणते, आधी मुलाला पाठवा, मला त्याचं ऐकायचं आहे. बहुतेक जण परत येत नाहीत. त्यांना दीड पानच हवं असतं.

अर्चना महिन्यातून एकदा येऊन जाते. तब्येत विचारते, संत्री ठेवते. परवा मी विचारलं, "मीटिंगमध्ये बोलतेस का आता?"

"मले कायले बोला लागते? ऋषिकेश हाये न."

ऋषिकेश युनिटचा मॅनेजर आहे. अर्चना अजून फील्ड सुपरवायझर आहे, सकाळी सातला स्कूटीवर बगीच्यांकडे निघते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संचालकांची बैठक असते. तिथे ऋषिकेश उभा राहून माहिती देतो. अर्चना त्याच्या डाव्या बाजूला, थोडी मागे, कॉम्प्युटरजवळ बसते, आणि तो कुठे अडला तर पुढचं हळूच सांगते.